मुख्याध्यापकाची खुर्ची आणि पालकांचा प्रश्न

(साखळी येथे पालकांच्या सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



कारापूर, हरवळे, कुडणे, न्हावेली, आमोणे, पाळी अशा गावांतून आपण आज कामधंदा बाजूला ठेवून इथे आलात, त्याबद्दल प्रथम आपले आभार मानतो. शाळेच्या सभेला पालक येत नाहीत, अशी तक्रार आपण नेहमी ऐकतो. आज ही खोली भरलेली आहे. याचा अर्थ प्रश्न सगळ्यांच्या घरापर्यंत पोचलेला आहे.

प्रश्न साधा आहे. आपल्या मुलांच्या शाळेचा प्रमुख कोण, आणि तो किती दिवस राहणार? हे विचारले की काही जणांना वाटते, पालक कोणाच्या तरी विरोधात उठले. म्हणून सुरुवातीलाच स्पष्ट करतो. आजची चर्चा कोणा एका मुख्याध्यापकाविरुद्ध नाही, कोणा एका संस्थेविरुद्ध नाही आणि कोणाला तरी खुर्चीवर बसवण्यासाठीही नाही. खुर्चीवर कोण बसतो हा आपला प्रश्न नाही. खुर्ची रिकामी का राहते, हा आपला प्रश्न आहे.

मी स्वतः पालक आहे. शाळेचे नाव घेत नाही, पण माझ्या मुलीच्या पाचवी ते आठवीच्या प्रगतिपुस्तकांवर मुख्याध्यापक म्हणून तीन वेगवेगळ्या सह्या आहेत आणि त्यांतल्या दोन सह्यांखाली ‘प्रभारी’ असा शिक्का आहे. तिन्ही शिक्षक चांगले होते, कष्टाळू होते. तरी चार वर्षांत गणवेशाचा नियम दोनदा बदलला, सकाळची प्रयोगशाळा सुरू होऊन बंद पडली आणि वाचनालयाच्या कपाटाची चावी कोणाकडे हे शेवटपर्यंत कळले नाही. यात कोणाचा दुष्टपणा नव्हता. प्रत्येकाला वाटत होते, आपण चार महिन्यांचे पाहुणे आहोत, मोठा निर्णय नवीन येणारा घेईल.

‘प्रभारी’ या शब्दाची अडचण इथेच आहे. प्रभारी शिक्षकाला स्वतःचे तास असतात, ते सुटत नाहीत. शिवाय पगारबिलावर सही, दहावीच्या मुलांचे बोर्डाचे अर्ज, दाखले, शिष्यवृत्तीचे फॉर्म, माध्यान्ह आहाराचा हिशेब, बालरथाची वेळ, पावसात गळणारे छप्पर, हे सगळे त्याच्या टेबलावर येते. ज्या सहकाऱ्याला आज त्याने उशिरा आल्याबद्दल बोलायचे, त्याच सहकाऱ्याच्या शेजारी उद्या त्याला परत स्टाफरूममध्ये बसायचे असते. कदाचित तोच सहकारी उद्या कायम मुख्याध्यापक होणार असतो. अशा माणसाने कठोर निर्णय घ्यावा, ही अपेक्षाच चुकीची आहे. तो दिवस ढकलतो, आणि मुलांचे वर्ष सरते.

शाळेच्या प्रमुखाचे महत्त्व केवळ आपण पालकच सांगतो असे नाही. केनेथ लीथवुड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ साली प्रसिद्ध केलेला अभ्यास शिक्षणक्षेत्रात सर्वत्र वाचला जातो. मुलांच्या शिकण्यावर परिणाम करणाऱ्या शाळेतल्या गोष्टींमध्ये पहिला क्रमांक वर्गातल्या शिकवण्याचा आणि त्याच्या पाठोपाठ शाळेच्या नेतृत्वाचा, असा त्यांचा निष्कर्ष आहे. आपल्या आजोबांना हे अभ्यासाशिवाय माहीत होते. ‘हेडमास्तर बरो आसा मरे?’ हे विचारूनच ते नातवाला शाळेत घालत.

आता पद रिकामे का राहते ते पाहू. अचानक मृत्यू, आजारपण, राजीनामा, हे कोणाच्या हातात नसते. पण बहुतेक वेळा पद रिकामे होते ते निवृत्तीने. आणि निवृत्तीची तारीख तर शिक्षक नोकरीला लागतो त्याच दिवशी ठरते. जन्मतारीख सेवापुस्तिकेत लिहिलेली असते. अमुक वर्षाच्या अमुक महिन्याच्या शेवटच्या दिवशी आमचे मुख्याध्यापक घरी जाणार, हे संस्थेला, खात्याला आणि शिपायालाही वीस वर्षे आधी ठाऊक असते. निरोपाचा समारंभ ठरतो, शाल-श्रीफळ आणले जाते, फोटो निघतो. फक्त दुसऱ्या दिवशी त्या खुर्चीवर कोण बसणार, हे ठरलेले नसते. तहान लागल्यावर विहीर खणायची म्हणतात, ती हीच.

गोव्यात शाळांचे मुख्यतः तीन प्रकार आहेत आणि प्रत्येकाची अडचण वेगळी आहे. सरकारी हायस्कुलात मुख्याध्यापकाची बढती खात्याच्या बढती समितीकडून आणि गोवा लोकसेवा आयोगाच्या वाटेने होते. ज्येष्ठता यादीवर हरकत आली, एखाद्याचा गोपनीय अहवाल वेळेवर पोचला नाही, की फाईल थांबते. तोवर ‘प्रभारी’.

दुसरा प्रकार अनुदानित शाळांचा. आपल्या भागातील कितीतरी हायस्कुले अशीच आहेत. मुक्तीनंतर भाऊसाहेब बांदोडकरांच्या काळात गावोगाव सरकारी प्राथमिक शाळा उघडल्या, आणि पुढच्या शिक्षणासाठी गावकऱ्यांनी संस्था काढल्या. कोणी जागा दिली, कोणी चिरे दिले, कोणी नुसते श्रम दिले. त्या शाळा संस्थेच्या, पण शिक्षकांचे पगार सरकारी तिजोरीतून, म्हणजे तुमच्या-माझ्या पैशातून. त्यांच्यावर गोवा, दमण व दीव शालेय शिक्षण कायदा, १९८४ आणि त्याखालचे १९८६ चे नियम लागू आहेत. नेमणूक संस्था करते, पण खात्याच्या मान्यतेशिवाय ती पुरी होत नाही. दोघांपैकी एकाने हात आखडला, की पद लटकले. संस्था म्हणते कागद पर्वरीला आहेत, पर्वरीला विचारले की सांगतात संस्थेने त्रुटी दूर केल्या नाहीत. पालक मधल्या मध्ये. त्यातच दोन शिक्षकांमध्ये ज्येष्ठतेचा वाद असला आणि तो न्यायालयात गेला, तर पाचवीतला मुलगा दहावी पास होऊन बाहेर पडेपर्यंत निकाल लागेलच असे नाही. कधी संस्थेच्या समितीतच दोन गट असतात, आणि प्रत्येक गटाचा एक उमेदवार असतो.

तिसरा प्रकार अल्पसंख्याक संस्थांच्या शाळांचा. तिथे संस्थेला आपल्या पसंतीचा प्रमुख नेमण्याचा अधिकार आहे आणि सर्वोच्च न्यायालयाने १९९८ आणि २००६ च्या निकालांत तो मान्य केलेला आहे. ज्येष्ठतेची अट त्यांच्यावर तशीच लादता येत नाही. त्या अधिकाराचा आदर ठेवूनच बोलायचे. पण निवडीचे स्वातंत्र्य म्हणजे निवड न करण्याचे स्वातंत्र्य नव्हे, हे तिथल्या पालकांनीही विचारले पाहिजे.

सरकारी पैसा आणि खाजगी कारभार, ही जोडी फक्त आपल्याकडेच आहे असे नाही. अमेरिकेत मिनेसोटा राज्याने १९९१ मध्ये कायदा करून ‘चार्टर’ शाळांना वाट करून दिली आणि १९९२ मध्ये सेंट पॉल शहरात पहिली अशी शाळा उघडली. पैसा सरकारचा, कारभार स्वतंत्र मंडळाचा, आणि दोघांमध्ये ठरावीक मुदतीचा करारनामा. काम नीट झाले नाही तर कराराचे नूतनीकरण होत नाही. तिथेही मुख्याध्यापक वारंवार बदलले की पालक मंडळापुढे उभे राहतात. फरक एवढाच, की तिथल्या बहुतेक राज्यांत अशा शाळेच्या मंडळाची सभा लोकांसाठी खुली असते. तारीख आधी जाहीर होते, विषयपत्रिका लागते, पालक मागच्या खुर्चीवर बसून ऐकू शकतो. आपल्याकडे व्यवस्थापनाची सभा कधी झाली, हे पालकाला चहाच्या दुकानावर कळते. त्यांचे सगळे उचलावे असे मी म्हणत नाही. पण सार्वजनिक पैशावर चालणाऱ्या शाळेचा महत्त्वाचा निर्णय पालकांना कळवावा, यात परदेशी असे काय आहे?

काही मंडळी म्हणतात, ‘माणसे बदलत राहणारच, शाळा काय एका माणसावर चालते?’ बरोबर आहे. म्हणूनच एक जुने उदाहरण देतो. पुण्यात १ जानेवारी १८८० रोजी न्यू इंग्लिश स्कूल सुरू झाले. चिपळूणकर १८८२ मध्ये वारले, तेव्हा शाळा जेमतेम दोन वर्षांची होती. १८८४ मध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली, १८८५ मध्ये फर्ग्युसन कॉलेज निघाले. १८९० मध्ये टिळक मतभेदांमुळे सोसायटीतून बाहेर पडले. कॉलेजचे पहिले प्राचार्य वामन शिवराम आपटे १८९२ मध्ये वारले. त्यांच्या जागी आगरकर आले, तेही १८९५ मध्ये गेले. पंधरा वर्षांत एवढे धक्के! दुसरी एखादी संस्था कोसळली असती. ही उभी राहिली.

का उभी राहिली? माणसे मोठी होती हे खरेच, पण मोठी माणसे तर निघून जात होती. संस्था टिकली ती नियमांवर. आजीव सदस्य व्हायचे म्हणजे वीस वर्षे सेवा द्यायची, हे ठरलेले होते. कारभार आजीव सदस्यांनी मिळून करायचा, हेही ठरलेले होते. त्यामुळे एक गेला की दुसरा आतूनच उभा राहत होता, त्याला काम माहीत असे. आगरकरांनंतर महादेव शिवराम गोळे आले. १८९९ मध्ये केंब्रिजला सीनियर रँग्लर झालेले र. पु. परांजपे सरकारी मोठ्या नोकरीच्या मागे न लागता इथे आले, १९०२ मध्ये प्राचार्य झाले आणि पुढे वीस वर्षांहून अधिक काळ राहिले. पुढचा माणूस आधीपासून तयार असणे, यालाच मी स्थैर्य म्हणतो. एकच माणूस खुर्चीला चिकटून राहिला म्हणजे स्थैर्य आले असे नव्हे.

साखळी-डिचोलीच्या माणसाला स्थैर्य म्हणजे काय, हे पुस्तकातून शिकवावे लागत नाही. २०१२ मध्ये खाणी बंद पडल्या, पुढे सुरू झाल्या आणि २०१८ च्या मार्चमध्ये पुन्हा बंद पडल्या. दारात उभे राहिलेले ट्रक आणि बँकेचे हप्ते आपण पाहिलेले आहेत. त्या दिवसांत घरातले बाकी सगळे हलत होते, तेव्हा मुलांसाठी एकच गोष्ट जागेवर होती, ती म्हणजे शाळेची घंटा. ती तरी डळमळू नये, एवढेच मागणे आहे.

आणि डळमळली तर काय होते, तेही सांगतो. ज्याच्याकडे गाडी आणि पैसा आहे तो पालक मुलाला डिचोलीला नाही तर म्हापशाला नेतो. पटसंख्या घसरते. पटसंख्या घसरली की तुकडी जाते. तुकडी गेली की शिक्षक अतिरिक्त ठरतो. मग उरलेल्या शिक्षकांत आणखी अस्वस्थता, आणखी वाद, आणि पुन्हा पटसंख्येला गळती. शेवटी त्या शाळेत कोण राहतो? ज्याला दुसरीकडे जाणे परवडत नाही, त्याचे मूल. म्हणजे रिकाम्या खुर्चीची किंमत शेवटी सर्वांत गरीब घर भरते.

आता कायदा आपल्याला काय देतो? शिक्षण हक्क कायदा २००९ मध्ये झाला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याच्या परिशिष्टात लिहिले आहे, की पहिली ते पाचवीला दीडशेहून अधिक मुले असतील तर पाच शिक्षकांखेरीज मुख्याध्यापक हवा, आणि सहावी ते आठवीला शंभरहून अधिक मुले असतील तर पूर्णवेळ मुख्याध्यापक हवा. ‘पूर्णवेळ’ हा शब्द लक्षात ठेवा. याच कायद्याने शाळा व्यवस्थापन समिती आणली. तिचे तीन चतुर्थांश सदस्य पालक हवेत आणि निम्म्या महिला हव्यात.

पण पुढचे वाक्य फारसे कोणी सांगत नाही, म्हणून मी सांगतो. २०१२ च्या दुरुस्तीने अनुदानित आणि अल्पसंख्याक शाळांत या समितीचे काम केवळ सल्ल्यापुरते केले. म्हणजे सरकारी शाळेत समितीला देखरेखीचा अधिकार आहे, पण अनुदानित शाळेत आपण फक्त सल्ला देऊ शकतो. शिवाय हा कायदा आठवीपर्यंतचा आहे, नववी-दहावी त्याच्या बाहेर. तेव्हा ‘आम्ही ठराव करून मुख्याध्यापक नेमू’ असे कोणी सांगितले, तर विश्वास ठेवू नका. नेमणे आपल्या हातात नाही. विचारणे मात्र पूर्णपणे आपल्या हातात आहे.

विचारण्यासाठी माहिती हक्काचा कायदा आहे, २००५ चा. सरकारी पैशावर मोठ्या प्रमाणात चालणारी शाळा त्याच्या कक्षेत येते, हे सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१९ मधल्या निकालात स्पष्ट केलेले आहे. दहा रुपये शुल्क, तीस दिवसांत उत्तर, नाही मिळाले तर अपील. शाळेने दाद दिली नाही तर हाच अर्ज शिक्षण खात्यात करता येतो.

पण अर्ज करण्याआधी पालक-शिक्षक संघाच्या सभेत, तोंडावर, नम्रपणे आणि लेखी पाच प्रश्न विचारा. पहिला, आमच्या मुख्याध्यापकांची निवृत्तीची तारीख कोणती? दुसरा, शिक्षकांची ज्येष्ठता यादी अंतिम झाली आहे का, आणि तिच्यावर हरकती आहेत का? तिसरा, पद भरण्याचा प्रस्ताव खात्याकडे कोणत्या तारखेला गेला, त्याचा आवक क्रमांक काय? चौथा, सध्या कार्यभार कोणाकडे आहे आणि त्याला कोणते अधिकार लेखी दिले आहेत? पाचवा, ही व्यवस्था किती तारखेपर्यंत? या पाचांपैकी एकही प्रश्न कोणाच्या स्वभावाबद्दल नाही, जातीबद्दल नाही, पक्षाबद्दल नाही. पाचही प्रश्नांचे उत्तर एक तर तारीख आहे किंवा कागद आहे. म्हणून त्यांचा कोणाला राग यायचे कारण नाही. राग आलाच, तर तो का आला हे आपण समजून घ्यावे.

इथे साखळीकरांना एक गोष्ट खास सांगायची आहे. २०१९ च्या मार्चमध्ये आपल्या मतदारसंघाचे आमदार डॉ. प्रमोद सावंत मुख्यमंत्री झाले आणि शिक्षण खातेही त्यांच्याकडे आले. तेव्हापासून ‘सायबाक सांगया, एका फोनान काम जाता’ ही आपली सवय झाली. फोनाने एका शाळेचे काम होईलही. पण फोनावर झालेले काम फोनावरच मोडते. आणि ज्या पेडण्याच्या किंवा काणकोणच्या पालकाकडे तो नंबर नाही, त्याने काय करायचे? सरकार कोणाचेही असो, आमदार कोणीही असो, आपली मागणी नियमाची असली पाहिजे. पद रिकामे होण्याच्या सहा महिने आधी प्रस्ताव खात्यात गेला पाहिजे, खात्याने ठरावीक दिवसांत मान्यता द्यावी किंवा त्रुटी एकदाच आणि लेखी कळवाव्यात, आणि प्रभारी व्यवस्थेला मुदत असावी. निवडणुकीत मत मागायला जे येतील, त्या सर्वांना हे तीन मुद्दे विचारा.

संस्थाचालकांचीही एक बाजू आहे आणि ती ऐकली पाहिजे. त्यांतले कित्येक जण बिनपगारी, घरचे खाऊन शाळेसाठी धावतात. अनुदान वेळेवर येत नाही म्हणून स्वतःच्या खिशातून वीजबिल भरणारेही असतात. कधी ज्येष्ठ शिक्षकच लिहून देतात, की आम्हाला हे पद नको, निवृत्तीला दोन वर्षे राहिली, कशाला ही डोकेदुखी? तेही खोटे नाही. मुख्याध्यापकाच्या डोक्यावर कारकुनी कामाचा एवढा डोंगर ठेवला, तर चांगला शिक्षक वर्गातच राहणे पसंत करणार. म्हणून पालकांनी फक्त जाब विचारून घरी जाऊ नये. संस्थेचा प्रस्ताव खात्यात अडला असेल, तर पालक-शिक्षक संघाचे पत्र त्याला जोडा, संस्थेबरोबर पर्वरीला चला. संस्था आणि पालक एका बाकावर बसले, की टोलवाटोलवी कमी होते.

आणि आपणही काही पथ्ये पाळू. शिक्षकांच्या गटबाजीत पालकांनी पडू नये. ‘अमुक सरांना करा’ असे निवेदन घेऊन कोणी सह्या मागायला आला, तर सही करू नये. मुलांना घेऊन फाटकाबाहेर बसू नये, वर्ग त्यांचेच बुडतात. दाखला काढण्याची धमकी देऊ नये. आणि घरी जेवताना मुलांसमोर त्यांच्या शिक्षकांची निंदा करू नये. प्रभारी का असेना, आज तो त्यांचा मुख्याध्यापक आहे. त्याचा मान आपण राखला, तरच मुले राखतील.

शेवटी एक ठराव सुचवतो आणि बसतो. आपल्या भागातील प्रत्येक शाळेच्या पालक-शिक्षक संघाने वर्षाच्या पहिल्या सभेत एक कागद मागून घ्यावा. पुढच्या पाच वर्षांत शाळेतले कोणकोण, कोणत्या महिन्यात निवृत्त होणार, आणि त्या प्रत्येक पदासाठी प्रस्ताव कोणत्या महिन्यात जाणार. एकच पान. ते शाळेच्या फळ्याशेजारी लावावे. त्यात गुप्त असे काही नाही. तारखा भिंतीवर दिसत राहिल्या, की विसरायला कोणाला निमित्त उरत नाही.

आपल्यापैकी दोन पालकांनी नावे दिली, तर प्रश्नांचा मसुदा आजच तयार करून येत्या आठवड्यात प्रत्येक शाळेत पोचवता येईल. नावे अध्यक्षांकडे द्यावीत, ही विनंती.